बखीतचं वय

"अहो, अजून मिसरूडसुद्धा नीट फुटलेलं नाही, डॉक्टरसाहेब! त्याच्या तोंडाकडे बघा की जरा!" हमीदा म्हणाली.

डॉक्टरांनी तोंडाकडे बघितलं नाही. बखीतच्या मनगटाचा एक्स-रे उजेडात धरून ते हाडं बघत होते. बखीत स्टुलावर बसला होता, हातात बेड्या, शेजारी हवालदार. खाणीत दगड उचलून उचलून पोराचे दंड पहिलवानासारखे झाले होते. तेच आज वैरी झाले.

"जन्माचा दाखला?"

"नाही ना. हा पोटात असतानाच ह्याचा बाप गेला. मिन्याच्या कचेरीत जाऊन नाव घालणार कोण? पण गावात कुणालाही विचारा. सुईण अजून जिवंत आहे. पंधरा पुरी झाली त्याला, सोळावं लागलंय."

"खाणीच्या मुकादमाला मात्र तुम्ही अठरा सांगितलं होतंत."

सांगितलं होतं खरं. त्याशिवाय मुकादम कामावर उभं करत नव्हता. त्या खाणींवर कुठली आई पोराचं खरं वय सांगते? पण सरकारचं हे असं. आईच्या पोटी झालेला जन्म त्यांना चालत नाही, कागदावर झालेला लागतो.

बाहेर व्हरांड्यात तिचा थोरला मुलगा शहाता उभा होता.

"काय म्हणाले?"

"काय म्हणणार? हाडं बघतात."

शहातानं भाकरी आणि तळलेल्या वांग्यांची पुरचुंडी हवालदाराकडे दिली. "त्याला खाऊ घाला, भाऊ." धाकट्याला बाहेर आणलं तेव्हा मात्र शहातानं मान वर केली नाही. खून झाल्यापासून तो असाच होता. धड जेवण नाही, झोप नाही. भावाच्या काळजीनं वाळला बिचारा, असं गाव म्हणायचं. घरात बायको, तीन पोरी, चौथं पोटात, आणि कमावता हा एकटाच उरलेला.

खून पाण्यावरून झाला होता. कालव्यावर आधी पंप कुणी लावायचा, यावरून शेजारच्या गादशी जुंपली. शिव्यांवरून गोष्ट कुदळीवर गेली आणि गाद तिथंच बांधावर पडला. पोलीस आले तेव्हा बखीत घराच्या दारात उभा होता. "मीच मारलं," म्हणाला. गाव चाट पडलं. खाणीतून आलं की गच्चीवर कबुतरांशी गप्पा मारत बसणारं पोर ते!

"उम्म शहाता, धीर सोडू नका," वकील मुंतसिर शहाताच्या आईला, हमीदाला, म्हणाले होते. "अल्पवयीन ठरला की फाशी नाही, जन्मठेप नाही. थोडी वर्षं सुधारगृहात काढेल, सुतारकाम शिकेल, धडधाकट परत येईल. कबुली दिली हे तर बरंच झालं."

हमीदा मान हलवत राहिली. लहानांना कायदा सोडून देतो, हे तिलाही माहीत होतं. इतके दिवस ती त्याच एका गोष्टीवर तग धरून होती.

खटल्याच्या दिवशी बखीतला कोर्टातल्या पिंजऱ्यात उभं केलं. न्यायाधीशांनी विचारलं, त्यानं सांगितलं. पंप, शिव्या, कुदळ, पहिला घाव, दुसरा घाव. एक शब्द इकडचा तिकडे नाही. पोलिसांना सांगितलं तसंच, वकिलांना सांगितलं तसंच. मदरशात धडा म्हणून दाखवावा तसा घडाघडा.

सरकारी वकील उठले. "बघितलंत? डोळ्यांत पाणी नाही, आवाजात कापरं नाही. माणूस मारल्याचं असं सांगतोय, जसं काही पाठ केलंय. हे लेकराचं काळीज आहे?"

मग सुईण उभी राहिली. तिनं शपथेवर सांगितलं, की ह्याची नाळ मी कापली, ज्या उन्हाळ्यात नदीत नाव बुडाली त्याच उन्हाळ्यात. मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. मुकादमानं सांगितलं, आईनंच अठराचा म्हणून आणला. शेवटी डॉक्टरांचा अहवाल वाचला. हाडांवरून वय अठराच्या पुढे.

"साहेब, अंदाज आहे तो! अंदाजावर पोराचा जीव घेणार?" मुंतसिर ओरडले.

"बसा, वकीलसाहेब."

न्यायाधीश आत गेले, बाहेर आले आणि चष्मा न काढताच म्हणाले, "आरोपीचे कागद मुफ्तींकडे पाठवावेत."

गादच्या घरच्या बायकांनी जिभा हलवत आनंदाच्या किलकाऱ्या मारल्या. कागद मुफ्तींकडे कशासाठी जातात हे शेंबड्या पोरालाही कळतं. फाशी द्यायची असेल तरच त्यांचं मत घेतात. मुंतसिर फायली आवरू लागले. शहाता मटकन बाकावर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून हुंदके देऊ लागला. एवढा बाप्या माणूस, पण त्याच्याकडे बघवत नव्हतं.

हमीदा गर्दीतून वाट काढत पिंजऱ्याशी गेली.

"यम्मा, ते सुधारगृह मुफ्तींचं असतं का?" बखीतनं विचारलं.

तिनं दोन्ही हातांनी गज धरले.

"यम्मा, दादा का रडतोय?"

"रडू दे त्याला."

हवालदार किल्ली घेऊन पलीकडच्या दारातून आत येत होता. बखीतनं त्याच्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. एकदम त्याच्या ध्यानात आलं. गजांना गाल लावून तो हलकेच म्हणाला, "यम्मा, लहान पोरांना काही करत नाहीत, असं म्हणाली होतीस ना तू? मग आता सांगू का त्यांना, कुदळ दादाच्या हातात होती म्हणून?"

हमीदानं गजांतून हात घातला आणि त्याचं तोंड घट्ट दाबून धरलं.