भाकरीचा पापुद्रा

"शर्वा आता घडाघडा बोलते, डॉक्टर. पण रोज भाकरीचा पापुद्रा ताटाखाली लपवते. आमच्यात असं कुणी करत नाही," शर्वाला शेजारी बसवत तिची आई मालन म्हणाली.

डोक्यात साचलेल्या पाण्याने शर्वाच्या मेंदूतले पेशींचे जोड खुंटले होते. डॉक्टर कर्णिकांनी पाणी काढलं आणि कुणा निरोगी मुलीच्या मेंदूबरहुकूम नवे जोड वाढवले.

"आपण फक्त जोडांचा नकाशा घेतो. आठवणी येत नाहीत," ते म्हणाले.

"मग पापुद्रा कुणासाठी?"

"धाकट्या भावासाठी ठेवत असेल."

"हिला भाऊच नाही." मालन ताडकन उठली. "नकाशा कुणाचा होता?"

कर्णिकांनी घाईने फाइल मिटली. शर्वाने त्यांची बाही ओढली.

"बाबा, छोटू जेवला?"