दोन कमलबाई आणि चार पिस्टन

हिलालभाऊंची मोटार आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी सकाळी साडेदहाला पहिल्याच झटक्यात सुरू झाली. हे वाक्य आपण वाचलं नाही असं समजा. कागदोपत्री ती मोटार बंद आहे.

बंद पडली ती एकवीस वर्षांपूर्वी, पारोळ्याच्या पुढे. शिंदखेड्याहून अक्काला, म्हणजे थोरल्या बहिणीला कमलबाईला, लग्न लावून जळगावला सासरी पोचवायला निघाली होती. मोटार आबांची, म्हणजे वडिलांची, विलायती. चालवायला वीस वर्षांचा हिलाल. धुळ्याला वऱ्हाडाने चहा घेतला, मोटारीला पाणी द्यायचं राहिलं. इंजिन तापलं, पिस्टन जागच्या जागी चिकटले. सुरतेला केळी उतरवून रिकामा परतणारा एक ट्रक थांबला, आणि नवरानवरी त्यात बसून घरी गेले. सासरच्या गल्लीने तिला 'केळीवाली' म्हटलं ते म्हटलंच. अक्काने माहेरी निरोप धाडला की आता येईन तर त्याच मोटारीतून.

असा शब्द दोन वर्षांत मऊ पडतो, असं आबा म्हणायचे. आबा वारले तेव्हा ती एसटीने आली, पाणी शेजारी प्याली, एसटीने गेली.

दर आखाजीला गावातला एकेक भाऊ मुऱ्हाळी होऊन बहिणीला आणायला निघे. हिलालभाऊ त्या दिवशी बंद मोटार पुसत बसत.

अठ्ठ्याऐंशी साली धुळ्याचा फिटर रुपचंद म्हणाला, हे पिस्टन आता विलायतेतच मिळतील. हिलालभाऊंचा एक वर्गमित्र तिकडे डॉक्टर होता. त्याने चार पिस्टन पाठवले आणि ड्युटी कमी बसावी म्हणून पार्सलवर 'भेटवस्तू' असं लिहिलं. चार पिस्टन भेट देणारा मित्र कस्टमच्या कचेरीने तोवर पाहिला नव्हता. पार्सल अडलं. पत्र आलं की सुटे भाग स्वतःच्याच मोटारीसाठी आहेत, विक्रीसाठी नाहीत, असं हमीपत्र जळगावच्या कचेरीत द्यावं, आणि त्यावर जळगावातल्याच एका प्रतिष्ठित रहिवाशाची सही असावी.

अख्ख्या जळगावात हिलालभाऊंच्या ओळखीचा प्रतिष्ठित रहिवासी एकच होता, आणि तो त्यांच्याशी बोलत नव्हता.

पहिल्या वेळी अक्काने दारात उभ्याउभ्याच सही केली आणि कागद परत दिला. हमीपत्राची मुदत तीस दिवस होती, कचेरीच्या उत्तराला लागले चाळीस. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, ओट्यावर बस. तिसऱ्या वेळी कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे आला. पिस्टनविषयी ती चकार शब्द विचारत नसे. तिची धाकटी लेक हिलालभाऊंना 'कचेरीवाले मामा' म्हणायची. सहाव्या खेपेला नुसतं मामा म्हणू लागली.

मुदतीचं कसंबसं जुळलं, तर कचेरीने नवीनच हरकत काढली. एका महिन्याची सही होती कमलबाई नथ्थू पाटील, म्हणजे नवऱ्याचं नाव लावून. पुढच्या महिन्याची कमलबाई भिकन पाटील, म्हणजे बापाचं. माहेर पाटील, सासरही पाटील.

"हिलालभाऊ, तुमच्याकडे दोन कमलबाई दिसतात," साहेबांनी फाइलवरून मान वर न करता विचारलं. "एक भिकनची, एक नथ्थूची. पिस्टन नक्की कोणाच्या हमीवर सोडू?"

दोघी एकच आहेत, हे सिद्ध करायला नवा अर्ज लागला. त्यावरही सही लागली. आता नीट लिहीन, असं अक्का म्हणाली आणि तिने पुन्हा बापाचं नाव लिहिलं. पुढच्या महिन्यात नवऱ्याचं. असे चौदा महिने गेले. अक्का वयाच्या मानाने फार विसरायला लागली, असं हिलालभाऊ रुपचंदला काळजीने सांगत.

मग साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी टेबल रिकामं करायचं म्हणून एका दुपारी सगळ्याच फायलींवर सह्या केल्या. पिस्टनपेक्षा ड्युटी जड निघाली. हिलालभाऊंनी ती भरली, रुपचंदने पिस्टन बसवले, आणि पुढे काय झालं ते आपण वाचलेलं नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी मोटार जळगावच्या गल्लीत उभी राहिली. गल्ली जमली. अक्का बाहेर आली. तिने बॉनेटवर तळहात ठेवला.

"पानी टाकं का?"

"दोनदाव टाकं, अक्का. धुयाले आनि पारोयाले."

ती मोटारीत बसली. माहेरी चार दिवस राहिली, झोक्यावर बसली, आबांच्या फोटोखाली जेवली. पाचव्या दिवशी हिलालभाऊंनी तिला परत आणून सोडलं. घर आलं तरी ती उतरेना.

"आखाजी सालमा एकदाव येस, भाऊ," ती समोरच्या काचेकडे बघत म्हणाली. "सही महिनाले लागे."

हिलालभाऊंनी इंजिन बंद केलं. बहिणीच्या सासरी विनाकारण जेवायला जाणारा भाऊ आपल्याकडे अजून जन्मलेला नाही. काहीतरी काम लागतं. मग त्यांनी विचारलं की अक्का, ते नावाचं तू विसरायचीस ना. कोणती बाई बापाचं नाव विसरते, आणि कोणती नवऱ्याचं, असं म्हणत ती उतरली आणि पेन आणायला आत गेली.

अर्ज ओट्यावरच लिहिला गेला. खाली दोन्ही कमलबाईंनी सह्या केल्या.

'तरी सदर चार पिस्टन मोटारीत बसून चालू असले, तरी ते आपल्याच कचेरीत अडकून आहेत असे समजण्यात यावे, व हमीपत्राची चौकशी दरमहा, आम्हा भावाबहिणीच्या हयातीपर्यंत चालू ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती.'