पंख्यातली लोकर

दौंडच्या दुरुस्तीच्या दुकानात दीक्षानं बिरूआबांचा लॅपटॉप उघडला. आतला पंखा काळ्या लोकरीनं गच्च भरला होता. वर्षातली ही तिसरी वेळ.

"आबा, परत घोंगडीवर ठेवला ना? लोकर आत जाते, पंखा अडतो, मग तापून बंद पडतो. घरात टेबल नाही का?"

"हाय की," बिरूआबा टोपी सारखी करत म्हणाले. "आमचा मल्हार जर्मनीला गेल्याला चार वर्सं झाली. दर रविवारी ह्याच्यातच दिसतो."

"मग टेबलावर दिसू द्या की." दीक्षा ब्रशनं लोकर काढत होती.

आबांनी ब्रशखालची लोकर चिमटीत उचलली.

"एवढ्या लांबनं पोरगं घरी येतं, पोरी. घोंगडी न टाकता बसवू कुठं त्याला?"