प्रशस्त हवेशीर किचन

मिनलने मोबाइल टेबलावर ठेवला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"ही माझी आई आहे. हिला इथून काढा."

ज्ञानेशने फोटो लगेच ओळखला. मिनलच्या आई-वडिलांनी काळेवाडीचा फ्लॅट विकायला काढला तेव्हा एजंट म्हणून तो त्यानेच काढला होता. काकू, जरा बाजूला व्हा, असं तो म्हणालाही होता. पण गॅसवर दूध होतं, ते सोडून त्या हलल्या नाहीत. पुढे फ्लॅट विकला गेला. फोटो ज्ञानेशच्या वेबसाइटवर राहिला. आई गेली, तरी राहिला.

फोटोत आई गाऊनमध्ये होती. खांद्यावर टॉवेल, केस सुटलेले, हातात सांडशी. गाऊनवर ओढणी घेतल्याशिवाय तिने कधी दूधवाल्यालाही दार उघडलं नव्हतं. काल कंपनीत चहाच्या वेळी एकीने मिनलपुढे मोबाइल धरला होता. घर शोधतेय, म्हणाली, हे किचन बघ, ती बाई सोडली तर सगळं छान आहे.

हे मिनलने ज्ञानेशला सांगितलं नाही. समोर सोफ्यावर तिचे वडील, साहेबराव, बसले होते. ते बोलायला आले नव्हते. घरी एकटं बसवत नाही म्हणून तिच्याबरोबर आले होते.

फ्लॅट विकून झाला तर जाहिरात अजून कशाला, असं तिने विचारलं. ज्ञानेशने सरळ सांगितलं. गूगलवर 'टू बीएचके काळेवाडी' असं टाकलं की सगळ्यात वर त्याची साइट येते, आणि ती येते या एका पानामुळे. फ्लॅट शिल्लक नसला तरी बिघडत नाही. लोक फोन करतात, तो त्यांना दुसरा दाखवतो. रहाटणीतलं हे ऑफिस त्याच पानावर चाललंय.

"पान राहू द्या. फोटो काढा."

ज्ञानेशने साइटचं काम बघणाऱ्या समाधानला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. समाधान नको म्हणाला. वर गेलेल्या पानाला हात लावायचा नसतो. घसरलं तर परत चढवायला महिने जातात. शिवाय त्या फोटोला आपण 'प्रशस्त हवेशीर किचन काळेवाडी' असं नाव दिलंय, त्यावरूनही लोक येतात. फार तर चेहरा पुसट करू.

"अरे, पण त्यात काकू आहेत," ज्ञानेश म्हणाला.

"गूगलला काकू दिसत नाहीत, भाऊ. लिहिलेलं दिसतं."

ज्ञानेशने स्पीकर बंद केला, पण वाक्य ऐकून झालं होतं. त्याने साहेबरावांकडे पाहिलं. साहेबराव भिंतीवरचा नकाशा बघत होते.

"काढून टाक. आत्ताच," ज्ञानेश फोनमध्ये म्हणाला. "वर राहो नाहीतर खाली जावो."

मिनलने पान पुन्हा उघडलं. आईच्या जागी बाथरूमच्या टाइल्स वर सरकल्या होत्या. तिने पदर नसलेल्या खांद्यावरून उगाचच हात फिरवला आणि खात्रीसाठी तेच शब्द गूगलवर टाकले. प्रशस्त हवेशीर किचन.

आई होती. सांगवीच्या एका फ्लॅटमध्ये होती. मोशीच्या एका फ्लॅटमध्ये होती, तिथे तिच्या छातीवरून कुणाचा तरी मोबाइल नंबर गेला होता. आणखी एका साइटवर फोटो आरशातल्यासारखा उलटा केला होता. सांडशी आईच्या डाव्या हातात होती.

ज्ञानेश खुर्चीवरून उठून तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"उचलतात सगळे," तो म्हणाला. "आमीपण उचलतो, खोटं कशाला बोलू. उलटा केला की चोरी पकडली जात नाही."

त्यांना फोन करा, असं मिनल म्हणाली. त्याने एकाला केला. पलीकडचा माणूस हसला. फोटो तुझा आहे तर तुझ्या साइटवर दाखव, म्हणाला, आणि फोन ठेवला.

"तक्रार करता येते ना?"

तक्रारीला महिने जातात, असं ज्ञानेश म्हणाला. मग त्याने सांगितलं, की इतके दिवस गूगलवर सगळ्यात वर त्याचा फोटो होता, म्हणून बाकीचे खाली होते. आता त्याचाच निघाला. आता यांच्यातलाच कुणीतरी वर येईल, दोन-चार दिवसांत.

"म्हणजे मी काढायला लावला म्हणून?"

"तसं नाही, ताई," तो म्हणाला. पण तसंच होतं.

मिनलने मोबाइल पालथा ठेवला. साहेबरावांनी सोफ्यावरूनच हात पुढे केला. तिने दिला नाही, तेव्हा ते उठले आणि टेबलावरून स्वतःच घेतला. उभ्यानेच, चष्मा कपाळावर सरकवून, मोबाइल डोळ्यांजवळ धरून ते एकेक घर बघू लागले. घाई नव्हती. सांगवी. मोशी. मग आईच्या आणखी एका फोटोवर थांबले आणि त्याखालचं ओठांतल्या ओठांत वाचू लागले.

"चाकण. वन बीएचके. चौथा मजला."

मिनल म्हणाली, "बाबा, चला."

ते हलले नाहीत. त्यांनी ज्ञानेशकडे पाहिलं.

"तिथं पाणी रोज येतं का?"

ज्ञानेशने ती बिल्डिंग कधी पाहिली नव्हती.

"चोवीस तास, काका," तो म्हणाला.