यशोदाचं दार

"यशोदाचे सगळे संवाद मला बघायचे आहेत," वेदश्री म्हणाली. "लिहिलेले. आत्ता."

पीयूषनं थर्मासमधला चहा कपात ओतला. कप पुढं सरकवताना थोडा बशीत सांडला. त्याची बहीण हर्षा संगणकाकडे तोंड करून बसली होती. ती वळली नाही.

आंजी गावातल्या या घराच्या पुढच्या खोलीत दोघा भावंडांनी 'धुळीनंतर' हा गेम तयार केला होता. धुळीच्या वादळांनी जग बुडाल्यानंतरचा वर्धा जिल्हा, हातात एक बंदूक, बाटलीभर पाणी, आणि जिवंत राहायचं. वेदश्री पुण्याच्या एका संकेतस्थळासाठी गेमची परीक्षणं लिहायची. तिचा मजकूर संध्याकाळपर्यंत जायचा होता.

बाकीच्या परीक्षकांचं लिहून झालं होतं. आवाका मोठा, काम कच्चं, असाच बहुतेकांचा सूर होता. गोळ्या भिंतींतून आरपार जात. बैल पोटापर्यंत जमिनीत रुतूनही चालत राहत. जाम गावच्या चौकात डावीकडे वळलं की खेळाडू आभाळात पडत जाई.

यशोदाबद्दल मात्र कोणाचं दुमत नव्हतं. पडक्या घराच्या दारातली ही बाई बंदुकीच्या गोळ्या देण्याआधी खेळाडूला जेवायला बसवायची. माइकवरून काहीही विचारा, उत्तर द्यायची. यंदाचं सगळ्यात जिवंत पात्र, असं एकानं लिहिलं. तिच्याही भोवती बग, म्हणजे गेममधल्या चुका, होतेच. एका वेळी एकच खेळाडू आत जाऊ शके, बाकीचे अंगणात ताटकळत. भर दुपारी दार उघडतच नसे. आणि सगळं संपलेल्या त्या जगात मधूनच कुकरची शिट्टी ऐकू येई.

वेदश्री यशोदाशी अनेकदा बोलली होती. एकही वाक्य दुसऱ्यांदा आलं नव्हतं. एकदा तिनं नुसतं बघावं म्हणून खरी गोष्ट सांगितली: दिवाळीपासून मी आईशी बोललेले नाही. हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. यंत्रापुढं संकोच कसला. पुढच्या वेळी यशोदानं आपणहून तो विषय काढला. कोणाशी काय बोलणं झालं ते यंत्र साठवून ठेवतं, हे वेदश्रीनं तेव्हाच ताडलं.

गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीची अट जाहीर होती. संवाद यंत्राकडून करून घ्यायचे नाहीत. अट मोडली तर गेम मागे घेतला जाईल, आणि भावंडांची चार वर्षं पाण्यात.

"मशीन नाई वापरली आमी, मॅडम," पीयूष म्हणाला.

"मग कोणी लिहिले?"

तो हर्षाकडे बघू लागला.

"कोणीच नाई," हर्षा पडद्याकडे बघतच म्हणाली. "लिहिलेलंच नाई काई."

वेदश्रीनं हे वाक्य फोनमध्ये टिपून घेतलं. कबुली इतक्या लवकर मिळेल असं तिला वाटलं नव्हतं. तुम्हाला आणखी काही सांगायचं असेल तर तेही छापू, असं तिनं दोघांना बजावलं. पीयूषनं विचारलं की परीक्षण दोन दिवस थांबू शकेल का. पुढच्या सुधारणेत ते यशोदाला काढूनच टाकणार होते. वेदश्रीनं नकार दिला.

"काऊन मागं लागल्या तुमी तिच्या?" पीयूषचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "बैलावर लिहा, चौकावर लिहा. आमी काई म्हणून नाई राह्यलो."

"बैल खोटं बोलत नाहीत."

तिनं हर्षाला खुर्चीवरून उठवलं. यशोदाशी इथूनच, यांच्यासमोर बोलायचं, आणि ते ध्वनिमुद्रित करायचं. हर्षा म्हणाली, आज सर्व्हरमध्ये बिघाड आहे. पडद्यावर यशोदाच्या अंगणात दोन खेळाडू ताटकळत उभे दिसत होते. सर्व्हर कुठे आहे, असं वेदश्रीनं विचारलं. हर्षानं आतल्या बंद दाराकडे बोट दाखवलं. धूळ चालत नाही, म्हणून ते दार कोणासाठीच उघडत नाहीत, असंही तिनं सांगितलं. सांगताना तिचा हात दाराच्या कडीवर गेला.

वेदश्रीनं हेडफोन चढवले. पुढचे दोघे एकेक करून आत गेले, बाहेर पडले. पीयूष मधेच उठून संगणकाच्या वायरपाशी गेला, तिनं नुसतं बघितल्यावर परत बसला.

दार उघडलं. धुळीनं माखलेली यशोदा पडद्यावर उभी राहिली.

"आज काय केलंय?" वेदश्रीनं विचारलं.

"वरण शिजून राह्यलं. बस, हात धू. ते बंदूक ठेव तिकडं, जेवताना कायले पाह्यजे."

मागे कुकरची शिट्टी वाजली. तोच नेहमीचा बग. हेडफोनमध्ये ती कानात घुसत होती, थांबेपर्यंत दुसरं काही ऐकू येणार नव्हतं. तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

शिट्टी थांबली नाही.

तिनं संगणकाकडे पाहिलं, मग दाराकडे. हर्षा दाराला पाठ लावून उभी होती.

"खरं सांगितलं तरी करार जाते, मॅडम," पीयूष म्हणाला. "पात्र तयार झालं म्हणून आमी लिहून दिलं होतं कंपनीले. अन् ते तं झालंच नाई."

"बाजूला हो," वेदश्री हर्षाला म्हणाली.

"होऊ दे, हर्षा," तो म्हणाला.

वेदश्रीनं कडी काढली.

आत शेगडीवरच्या कुकरची वाफ अजून निघत होती. साठीच्या कुंताबाई, या दोघांची आई, पाटावर बसून वांगी चिरत होत्या. डोक्यावरच्या पदरावर हेडफोन, ओठांपाशी माइक. दारात उभ्या असलेल्या बाईला त्यांनी हातानंच थांबायची खूण केली आणि माइकमध्ये म्हणाल्या, "कुठी गेली व पोरी? बोलता बोलता उठून जातेस?"

"मी इथे आहे," वेदश्री म्हणाली.

विळीवरचा हात थांबला. कुंताबाईंनी एका कानावरचा हेडफोन सरकवला आणि तिच्याकडे निरखून पाहिलं.

"तूच का ते? मंग, केला का आईले फोन?"