मागच्या दाराचे कुलूप

शिलाई कारखान्याच्या मागच्या दाराला सुपरवायझरांनी आतून कुलूप घातले, तेव्हा सर्वांत जुन्या कारागीर बाईंनी मशीन थांबवून त्यांना हटकले. "साहेब, माणसं कामावर असताना बाहेर पडायचं दार बंद ठेवता येत नाही. कायदाच आहे तसा."

"कायदा मला नका शिकवू, मावशी. दार उघडं दिसलं की तुमच्यातल्या निम्म्या गायब होतात. किल्ली ऑफिसातच राहील," असे बजावून त्यांनी विषय संपवला.

त्यानंतर एका भर दुपारी जळक्या वायरचा वास आला आणि पाहता पाहता ऑफिसासह पुढचा जिना काळ्या धुराने भरून गेला. साऱ्याजणी मागच्या दाराकडे धावल्या. सुपरवायझरांचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि तिथेच थिजला. किल्ली त्या धुरापलीकडे, टेबलाच्या खणात होती. आपणच घातलेल्या कुलपाकडे पाहत ते जेमतेम पुटपुटले, "मावशी, किल्ली आत राहिली हो!"

मावशींनी त्यांना बाजूला सारले, कुलूप मुठीत धरून ओढले, तसा स्क्रूंसकट अख्खा कोयंडाच त्यांच्या हातात आला. दार सताड उघडले. एकूणएक बायका सुखरूप बाहेर पडल्या. सर्वांत शेवटी खोकत आलेल्या साहेबांच्या हातात ते बंद कुलूप ठेवत मावशी म्हणाल्या,

"तुम्ही जेवायला बसलात की आम्ही रोज इथूनच चहाला जातो, साहेब."