दुकानाची पाटी

“हात लावू नकोस हं, ओली आहे अजून,” अण्णा म्हणाले आणि चाचपडत ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

उद्या निशिगंधाच्या केकच्या दुकानाचं उद्घाटन होतं. ओव्हन, मिक्सर, क्रीम लावायचं फिरतं स्टँड, सगळं अण्णांनीच घेऊन दिलं होतं, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी साठवलेल्या पैशांतून. “डॉक्टरच म्हणाले, घाई नाही,” असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं, आणि तिनेही ते खरं मानून घेतलं. पाटी मात्र ते दुसऱ्या कोणाला रंगवू देणार नव्हते. अख्ख्या मिरजेच्या पाट्या रंगवल्या होत्या त्यांनी. केकवर नाव घालताना अक्षराचं पोट किती गोल काढायचं, हेही तिला त्यांनीच शिकवलं होतं.

आत सामान लावून ती नुकतीच बाहेर आली होती. पाटी पांढरीच होती. लाल रंगाच्या डब्याचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. कालच्या पांढऱ्या रंगातच अण्णांनी ब्रश बुडवला होता. वाकून तिरकं पाहिलं तेव्हा पांढऱ्यावर ओलं पांढरं नाव चमकलं. एकही अक्षर ओळीखाली उतरलेलं नव्हतं.

“लाल उठून दिसतोय ना?” अण्णांनी विचारलं. ते तिच्याकडे बघत होते, म्हणजे तिच्या थोडं उजवीकडे.

“खूप,” ती कशीबशी म्हणाली.

“वाळला की अजून खुलेल बघ.”

पहिलं अक्षर वाळून दिसेनासं होऊ लागलं होतं. निशिगंधाने धावत जाऊन पाटी लवकर वाळावी म्हणून लावलेला पंखा बंद केला.